थोरलीतला चिरका सूर

दातांच्या डॉक्टरांचं एक बरं असतं. समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. या सोयीचा आमच्या डॉक्टरांइतका फायदा दुसऱ्या कुणी घेतला असेल असं वाटत नाही.

खुर्ची मागे कलली, दिवा खाली आला, गालात कापसाची सुरळी बसली, की डॉक्टर बुवांबद्दल बोलायला लागायचे. बुवा म्हणजे एका मोठ्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलंही नव्हतं. पण रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांच्या भुवया पाहिल्या तेव्हाच, हा माणूस नुसत्या नावाने हाक मारण्यातला नव्हे, हे डॉक्टरांना कळून चुकलं. तेव्हापासून ते बुवा.

बुवांच्या चौतीस रेकॉर्डी दवाखान्यातच होत्या, हत्यारांच्या कपाटात, खालच्या दोन खणांत. ड्रिलच्या हादऱ्याने सुई उडू नये म्हणून रेकॉर्ड प्लेअर भिंतीतल्या दगडी फळीवर बसवला होता. रेकॉर्डींना घरगुती नावं होती. थोरली, धाकटी, रडकी. एकीचं नाव दचकी. ती ढोलाच्या अशा दणक्याने सुरू व्हायची की इंजेक्शन देताना लावायची सोय नव्हती. हे डॉक्टरांना अनुभवाने कळलं होतं. एका पेशंटलाही.

बाहेरच्या टेबलावर डॉक्टरांची बायको बसायची. पेशंटना वेळा देण्याचं काम तिचं, आणि इतक्या वर्षांत तिचं घड्याळसुद्धा बुवांच्या हाती गेलं होतं. "रूट कॅनॉल आहे ना? मग थोरली पुरी होईल. पाऊण तास धरून चला," ती फोनवर सांगायची. "नुसती सफाई असली तर धाकटीचा पहिला भाग." पलीकडच्या माणसाला काही कळायचं नाही, पण बाई एवढ्या ठामपणे सांगतायत म्हटल्यावर तो हो म्हणायचा.

डॉक्टरांची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक रेकॉर्ड ऐकून मनात काय आलं ते त्यात लिहायचे. "आज धाकटीतली व्हायोलिनं नुकत्याच पुसलेल्या काचेसारखी." "रडकी ऐकली. नंतर अर्धा तास काही सुचलं नाही. दोन पेशंट परत गेले." "बुवा घाई करत नाहीत. घाई आपल्याला असते." अशा नोंदी. त्यातल्या बऱ्या बऱ्या निवडून ते रेकॉर्डप्रेमींच्या एका त्रैमासिकाला पाठवायचे. त्रैमासिकाचे वाचक साठ-पासष्ट. पण सगळे एकमेकांवर तुटून पडणारे, म्हणून आवाज सहाशेंचा वाटायचा.

त्यातला डॉक्टरांचा गाजलेला लेख म्हणजे थोरलीच्या सातव्या मिनिटावरचा. थोरलीचा दुसरा भाग संथ आहे. सातव्या मिनिटाला सगळी वाद्यं बाजूला होतात आणि एकटा फ्रेंच हॉर्न वर चढतो. चढतो, चढतो, आणि अगदी माथ्यावर पोचताना चिरकतो. क्षणभरच. म्हाताऱ्या माणसाचा आवाज बोलता बोलता फाटावा तसा. दुसऱ्या कुठल्याही कंडक्टरने ते पुन्हा वाजवून घेतलं असतं. बुवांनी घेतलं नाही. यावर डॉक्टरांनी अकरा पानं लिहिली होती. बुवांनी तो सूर मुद्दाम फाडून घेतला, शिखरावर पोचलेल्या माणसाचा आवाज फाटणारच, हे जगाला सांगायला, हा तडा म्हणजेच माणूस, वगैरे. शिवाय त्या भागाच्या अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, फार लांबून दोनदा काहीतरी पुसटसं ऐकू येतं. त्यावर अडीच पानं वेगळी होती. "जणू सृष्टीच्या पलीकडून कुणी हुंकार दिला," असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"मला ते खोकल्यासारखं वाटतं," बायको म्हणाली होती.

"तुला सगळंच खोकल्यासारखं वाटतं," डॉक्टर म्हणाले होते, आणि चार दिवस तिच्याशी फक्त पेशंटच्या वेळांबद्दल बोलले होते.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली, एक हात गालावर. वरचा पुढचा दात हलतो आणि ठणकतो, एवढंच म्हणाले. डॉक्टरांच्या बायकोने त्यांना काका म्हणत खुर्चीपर्यंत नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दाताभोवतीचं हाड झिजलं होतं, आणि दात निव्वळ सवयीने जागेवर उभा होता.

"काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

"काढा," काका म्हणाले. "पुष्कळ चालला."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओठाखाली कापूस बसवला आणि हिरडी बधिर होईपर्यंत थोरली लावली. मग स्टूल ओढून सवयीप्रमाणे सुरू झाले. बुवांच्या भुवया, बुवांचा संयम. काका छताकडे बघत होते. पहिल्या भागात ते नुसते पडून राहिले. दुसरा भाग सुरू झाला तसे त्यांचे पाय हलायला लागले. पाचव्या मिनिटाला त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अंहं, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "आता ऐका हं. आता एक जागा येतेय. मी यावर अकरा पानं लिहिलीत."

हॉर्न वर चढायला लागला. काकांनी डॉक्टरांचं मनगट पकडलं.

"आ ऊ आ!" ते म्हणाले.

"बरोबर," डॉक्टर भारावून म्हणाले. "मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं."

"आ ऊ आ! आं आ!"

सूर चिरकला. डॉक्टरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा काका खुर्चीत उठून बसले होते, कापूस हातात होता आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"बंद करा म्हणतोय मघापासून!"

"दुखतंय का?"

"दुखत नाही हो. लाज वाटते." अर्धा ओठ बधिर असल्यामुळे त्यांचे शब्द एका बाजूने घसरत होते. "तो मी आहे."

"कोण?"

"तो. चिरकला तो. पहिला हॉर्न. एकतीस वर्षांपूर्वी."

डॉक्टर स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. बसताना स्टूल थोडं सरकलं होतं, म्हणून एकदा सावरावं लागलं. मग त्यांनी हातमोजे काढून काकांना नमस्कार केला, आणि हातमोजे काढले म्हणजे आता पुन्हा नवे घालायला हवेत, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"तुम्ही..." ते म्हणाले. "बुवांबरोबर... मग मला सांगा. तो सूर तसा फाडा, हे बुवांनी तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगितलं?"

"कोण बुवा?"

डॉक्टरांनी कव्हर दाखवलं.

"हां. आम्ही ह्यांना कुकर म्हणायचो," काका म्हणाले. "शिटी होईपर्यंत पत्ता लागायचा नाही."

डॉक्टरांनी हे गिळलं. "पण तो सूर?"

"सूर चुकला."

"म्हणजे मुद्दाम?"

"अहो, मुद्दाम कोण चुकेल? त्या दिवशी दात ठणकत होता. हॉर्नचं तोंड ओठांवर दाबायचं म्हणजे मागून दातांचा आधार लागतो. वरच्या सुराला दाबलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. चुकला. चुकला म्हणजे चुकला."

"कुठला दात?"

काकांनी बोट लावून दाखवला. दात हलला. "हाच. तेव्हा भरून घेतला होता."

डॉक्टरांनी त्या दाताकडे पाहिलं. आतापर्यंत तो त्यांच्या दृष्टीने वरचा डावीकडचा पहिला दात होता. आता त्यांना तो वेगळाच दिसायला लागला.

"पण मग बुवांनी पुन्हा का नाही घेतलं?" त्यांनी जवळजवळ विनवणी केली. "काहीतरी विचार असणार ना त्यामागे."

"विचार कसला? हॉलची वेळ संपली होती. साडेपाचपासून तिथे कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. तोवर निम्मी कुत्री दारात आली होती. शेवटी शेवटी दोनदा भुंकलेलं ऐकूसुद्धा येतं, नीट कान दिला तर."

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर निघून गेली. बाहेरून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते त्यांना नंतर आठवलं की कानकोंडं व्हायचं. त्यांनी दात काढायचं टाळलं. आधी म्हणाले, रूट कॅनॉल करून बघू. मग म्हणाले, तारेने शेजारच्या दाताला बांधता येईल. मग एक्स-रे उजेडात उलटा धरून म्हणाले, तेवढं काही वाईट दिसत नाही. काका त्यांच्याकडे टकमक बघत राहिले.

बायको आत आली. तिने एक्स-रे डॉक्टरांच्या हातून घेतला, सुलटा केला आणि परत दिला.

"अहो, दात काढायचाय की त्याचा सत्कार करायचाय?"

"तुला कळत नाहीये. हा साधा दात नाही."

"काकांना दुखतंय. त्यांच्यासाठी साधाच आहे."

डॉक्टरांनी नवे हातमोजे घातले. दात चिमट्यात धरताक्षणी निघून आला. कसलाही विरोध केला नाही त्याने. ट्रेमध्ये टक्क आवाज झाला. जखमेवर कापूस दाबून अर्धा तास बसायला सांगून डॉक्टर आतल्या खोलीत गेले आणि उगीच नळ सोडून उभे राहिले.

काका बाहेर बाकावर बसले. तोंडात कापूस, बोलायची मनाई. आता या माणसाला अर्धा तास काय करायला द्यावं या विचाराने डॉक्टरांच्या बायकोने खण उघडला आणि त्रैमासिकाचा तो अंक त्यांच्या हातात ठेवला. काकांनी अकराच्या अकरा पानं वाचली. मधे एकदा थांबून चष्मा पुसला. संपल्यावर पहिलं पान काढून पुन्हा वाचलं. मग अंक बगलेत मारला, मान हलवून निरोप घेतला आणि गेले. अंक परत मागायचं तिला सुचलं नाही.

पुढचा आठवडाभर दवाखान्यात रेकॉर्ड लागली नाही. आधी पेशंटना हायसं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की संगीत नसलं की ड्रिल ऐकू येतं. एकाने तर चक्क विचारलं, "डॉक्टर, ते तुमचे बुवा आज नाहीत का?" पूर्वी पेशंटला बोलता यायचं नाही. आता डॉक्टरही बोलत नव्हते. दवाखान्यात फक्त सक्शनचं यंत्र सुरसुरत होतं.

रविवारी दुपारी बायको दवाखान्याची चादरी-टॉवेल मोजायला आली तेव्हा डॉक्टर खुर्चीत आडवे पडलेले. थोरली चालू होती. दुसरा भाग संपत आला होता, आणि अगदी शेवटी, सृष्टीच्या पलीकडून, दोनदा ऐकू आलं.

"भू," डॉक्टर म्हणाले. "भू भू. स्वच्छ ऐकू येतंय. चौदा वर्षं मी काय ऐकत होतो कुणास ठाऊक."

"मग? आता नाही आवडत का?"

"तोच तर घोळ आहे," डॉक्टर छताकडे बघत म्हणाले. "तो सूर आला की मला अजून पूर्वीसारखंच होतं. मला माहितीय की त्याचा दात दुखत होता. तरी होतं. मग मी अकरा पानं कशाबद्दल लिहिली?"

बायकोने टॉवेलांची चळत खाली ठेवली. "दाताबद्दलच लिहिलीत की," ती म्हणाली. "दुसरं काय येतं तुम्हाला?"

डॉक्टर आधी रागावले, आणि मग असे हसायला लागले, की खुर्ची हलायला लागली.

जखम भरल्यावर काका कृत्रिम दाताचं माप द्यायला आले. बगलेत तोच अंक. समासात पेन्सिलीच्या खुणा.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "त्या लेखाबद्दल काही बोलू नका."

"बोलणार," काका म्हणाले. पुढचा दात नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात शिटी मिसळत होती. "तुम्ही दिवसभर बोलता. आज मी बोलतो. डॉक्टर, मी पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढली. किती सूर वाजवले असतील? मोजता यायचे नाहीत. त्यातला एक चुकला. आणि जगात माझ्या वाजवण्यावर कुणी काही लिहिलं असेल तर ते त्या एकावर. अकरा पानं! बरोबर वाजवलेल्यांवर कुणी अर्धी ओळ लिहिली?"

मापाची पेस्ट कालवता कालवता त्यांचा हात थांबला.

"घरी ही रेकॉर्ड मी कधी लावली नाही. बायको होती तोवर तिने दडवून ठेवली होती, तिला वाटायचं मला त्रास होईल. आणि त्या वेळी सगळ्यांच्या देखत काय वाटलं असेल मला! ह्यांनी, तुमच्या बुवांनी, काठी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. तर म्हणाले, 'दात दाखवून या. गाल सुजलाय.'"

"एवढंच?"

"एवढंच. मग दारात जाऊन कुत्र्यांच्या मालकांवर खेकसले."

डॉक्टरांना बुवा इतके जवळचे यापूर्वी कधी वाटले नव्हते. भुवया वगैरे ठीक आहे. पण गाल सुजलेला दिसणं म्हणजे नजर पाहिजे.

"आता रेकॉर्ड लावा," काका म्हणाले. "दुसरा भाग नको. शेवटचा लावा. शेवटाकडे सगळे धुमाकूळ घालतात आणि एकदम थांबतात. तिथे ऐका."

डॉक्टरांनी सुई ठेवली. पेस्ट वाटीतच घट्ट झाली. दोघं बसून राहिले, एक खुर्चीत, एक स्टुलावर. ढोल, तुताऱ्या, व्हायोलिनं, सगळ्यांनी मिळून छत डोक्यावर घेतलं आणि एका झटक्यात सोडून दिलं. त्या शांततेखाली काहीतरी उरलं होतं. एक सूर. इतका हळू, की खोलीच हलकेच श्वास घेतेय असं वाटावं. काका बोटं मोजत होते. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, तरी सूर चालूच. बाराव्याला तो विरला, कधी संपला ते कळलंही नाही.

"हाही मीच. एका दमात," काका म्हणाले. "ठणकत्या दातावर. हा शेवटचा भाग त्या दिवशी आधी घेतला होता, दुसरा नंतर. पण दात सकाळपासूनच ठणकत होता."

थोरली त्यांनी हजारदा तरी ऐकली असेल. हा सूर त्यांनी कधीच ऐकला नव्हता. का, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं. रूट कॅनॉल नेमकं इथेच संपायचं. चौदा वर्षं या सुरावर ते पेशंटला "चूळ भरा" म्हणत आले होते.

"पुन्हा लावतो," ते म्हणाले.

त्यांनी तीनदा लावली. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी डोळे पुसले आणि नव्याने पेस्ट कालवायला घेतली.

पुढच्या अंकात डॉक्टरांचा लेख आला. दोन पानांचा. अर्धं पान चुकीची कबुली, कुत्र्यांसकट. बाकी सगळं त्या लांब सुरावर. पासष्ट वाचकांपैकी बावीस जणांनी पत्रं लिहिली. त्यातल्या नऊ जणांचं म्हणणं होतं की ते कुत्रं नाहीच. काकांनी पाच प्रती मागून घेतल्या.

नवा दात बसवायच्या दिवशी काका एक मोठी काळी पेटी घेऊन आले. दात बसला. डॉक्टरांनी आरसा दिला. काकांनी आरशात पाहिलंच नाही. पेटी उघडून हॉर्न काढला, मांडीवर घेतला, ओठ लावला आणि फुंकलं.

बाहेर बाकावर एक बाई गाल धरून बसल्या होत्या. आतून जो आवाज आला तो ऐकून त्या उभ्याच राहिल्या.

"काय करतायत आत?" त्यांनी डॉक्टरांच्या बायकोला विचारलं.

"दात बसवतायत."

"बसवताना असं होतं?" बाईंनी पर्स उचलली. "मला वाटतं माझा ठणका थांबलाय. मी पुढच्या आठवड्यात फोन करते."

आत काकांनी हॉर्न खाली घेतला. निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत ओठांची सवय गेली होती, दम कमी पडत होता, पण त्यांचा संशय दातावर होता.

"आतल्या बाजूने केसभर घासा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दात काढला, घासला, पाण्याने धुतला, पुन्हा बसवला. काकांनी फुंकलं. बरं आलं. वरच्या सुराला अजून अडखळत होतं.

"आणखी केसभर," काका म्हणाले.

"आणखी घासला तर सुपारीसारखं काही चावता येणार नाही तुम्हाला."

"मी चावायला नाही बसवलाय."

डॉक्टरांनी बाहेर डोकं काढून बायकोला सांगितलं, की जेवायच्या सुट्टीपर्यंत कुणाला आत पाठवू नको, आणि घासायचं यंत्र पुन्हा हातात घेतलं.